पट्टी झाल्यावरचा बाजार

ओतूरच्या कांदा बाजारात भावाबद्दल कोणी कुजबुजत नाही. वक्कल, म्हणजे एका शेतकऱ्याच्या पिशव्यांची रास, मांडलेलं असतं, वरची पिशवी फोडलेली असते, व्यापारी दोन कांदे उचलून मान दाबून बघतो आणि भाव मोठ्यानं पुकारला जातो. दहा किलोला अमुक. ज्याचा माल आहे तो ऐकतो, शेजारच्या वकलाचा मालक ऐकतो, हमाल ऐकतात, चहा घेऊन फिरणारा पोरगाही ऐकतो. दिवस मावळायच्या आत उदापूर, डिंगोरे, रोहोकडी, खामुंडी सगळीकडे कळलेलं असतं, की आज मोठ्या गोळ्याला काय बाजार निघाला, बारीक गोल्टी कितीला गेली आणि हलक्या बदल्याला कोणी विचारलं की नाही.

विमानाच्या तिकिटाला असा पुकारा नसतो. तो भाव दिसतो एकट्याला, बहुधा रात्री जेवणं आटोपल्यावर, फोनच्या पडद्यावर. घ्यायचं एकट्यानं आणि जास्त गेले असं वाटलं तर झुरायचंही एकट्यानं. शेजारच्या खुर्चीवरच्या माणसानं कितीला घेतलं हे विचारायची रीत नाही. तिकिटाला जादा पैसे गेल्याची रुखरुख माणसं कित्येक दिवस मनात वागवतात. तिचा निम्मा भार रकमेचा असतो आणि निम्मा या एकटेपणाचा, असं माझं मत झालं आहे. ते झालं आमच्या आक्काच्या घरी.

आक्काची लेक, माझी भाची, बंगळूरला असते. पहिलं बाळंतपण, म्हणून ती ओतूरला यायची होती. पण सातव्या महिन्यात डॉक्टरांनी प्रवास नको म्हणून सांगितलं आणि मग आईनंच तिकडे जायचं ठरलं. दिवस श्रावणाचे होते. कपर्दिकेश्वराच्या यात्रेचे सोमवार चालू होते, मांडवीच्या काठाला गर्दी, देवळात कोरड्या तांदळाच्या पिंडी रचलेल्या. एवढी यात्रा करून मग निघते, असं आक्काच्या मनात होतं. आक्काच्या मुलानं, माझ्या भाच्यानं, तिच्या मनासारखी तारीख धरली आणि पुण्याहून बंगळूरचं तिकीट काढलं, ९,७०० रुपयांना. दोन-तीन दिवसांनी त्याच विमानाचं तिकीट ६,१०० ला दिसायला लागलं.

"मामा, छत्तीसशे रुपये पाण्यात गेले," मला बघितल्याबरोबर तो म्हणाला. तिथून त्यानं ते बघणं सोडलंच नाही. डेअरीत दूध घालून आला की बघायचा, मोटर चालू करायला विहिरीवर गेला की बघायचा, ताटावर बसल्यावरही बघायचा. भाव आणखी उतरला की चेहरा उतरायचा, चढला की घटकाभर बरं वाटायचं. आक्का हे सगळं ऐकत होती. डिंकाचे लाडू वळता वळता एकदा हळूच म्हणाली, "मी गाडीनं गेले असते रे. मला काय घाई होती?" आणि दुसऱ्या दिवशी तिनं भरलेल्या पिशवीतलं सामान परत बाहेर काढलं. वजन जास्त भरलं तर वेगळे पैसे पडतात, हे तिनं कुठंतरी ऐकलं होतं. लाडवांचा मोठा डबा गेला आणि लहान आला. अळिवाची पुडी अर्धी झाली. जुन्या लुगड्याच्या दोन गोधड्या शिवलेल्या होत्या, त्यातली एकच आत राहिली.

पस्ताव्याचं हे रूप मला फार वाईट वाटतं. पैसे देणाऱ्याचं दुखणं बघता बघता ज्याच्यासाठी दिले त्याच्या अंगावर जातं. पोरगं आईवर चिडलेलं नव्हतं, पैसेही त्यानं आनंदानं दिले होते. तरी त्या घरात आक्काला आपण महाग पडलो असं वाटू लागलं. छत्तीसशे रुपयांनी केलं नसतं एवढं नुकसान त्या रोजच्या बघण्यानं केलं.

दाजी त्या दिवसांत बराखीतच असायचे. आमच्याकडची बराख लांबट, अरुंद, दोन्ही अंगांनी वारा खेळता राहील अशी, वर उसाचं पाचट. उन्हाळ्यात काढलेला गावरान कांदा पावसाळाभर तिथं बसून राहतो. निवडायला बसलं की एकेक कांदा हातातून फिरतो. मान मऊ लागली, बाजूला. काजळी धरली, बाजूला. मोड डोकावला, बाजूला. चांगला गोळा वाळलेल्या पत्तीत कोरडा वाजतो. दाजींची नजर बांधावर असली तरी अंगठा कांद्याच्या मानेवर जातो आणि निकाल देऊन मोकळा होतो. भाचा त्यांच्यासमोरच फोन घेऊन बसला होता.

"ते आता परत घ्यायचंय का तुला?" दाजींनी विचारलं.

"नाही, आबा."

"मग बाजार कशाला बघतोस? पट्टी झाली ना आपली?"

पट्टी म्हणजे आडतदाराच्या हातचा तो कागद. वजन, भाव, हमाली-तोलाई वजा जाऊन हातात किती, एवढं त्यावर लिहिलेलं असतं. पट्टी घेतली की तो व्यवहार मिटला. उद्या बाजार दुप्पट झाला तरी त्या कागदावरचा आकडा हलत नाही. दाजींनी हे कुणाच्या प्रवचनात ऐकलेलं नाही. सोसून शिकलेलं आहे. ७ डिसेंबर २०२३ च्या रात्री केंद्र सरकारनं कांद्याच्या निर्यातीवर बंदी घातली. त्याच्या आधीच्या बाजाराला ज्यांनी माल नेला त्यांची पट्टी एक आणि नंतरच्या बाजाराला नेणाऱ्यांची दुसरी. वाण तोच, तालुका तोच, पाणीही त्याच पिंपळगाव जोगा धरणाचं. एका रात्रीनं भाव पाडला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ४० टक्के निर्यात शुल्क आलं, तेव्हाही हेच झालं होतं. बंदी उठली ती मे २०२४ मध्ये. तोवर कित्येकांचा माल मिळेल त्या भावानं गेला होता.

हे ऐकवून भाच्याला लाजवायचं, असं दाजींच्या मनात नव्हतं, माझ्याही नाही. मोठ्या दुःखाचं उदाहरण दिलं म्हणून लहान दुःख विझत नाही. उलट माणूस ते लपवायला शिकतो. दाजींनी सांगितलं ते वेगळं होतं. बंदीनंतरच्या बाजारातून रिकामा टेम्पो घेऊन परतताना सगळे एकाच चहाच्या टपरीवर थांबले होते. ज्यानं आधी विकला तोही तिथं होता. कोणाचा कितीला गेला हे सगळ्यांना ठाऊक होतं, त्यामुळे कोणालाच काही लपवायचं नव्हतं. सरकारला मनसोक्त शिव्या घातल्या, एकमेकांचा हिशोब केला आणि घरी आले. "झोप लागली का?" मी विचारलं. "दोन दिवस नाही लागली. मग लागली," दाजी म्हणाले.

दोन दिवस. तिकिटाची रुखरुख मात्र महिनाभर पुरते, कारण तिचा बाजार कधी उठतच नाही. फोन उघडला की तो पुन्हा भरलेला.

हा बाजार चालतो तरी कसा, हे समजून घेतल्यावर मला त्या पोराची जास्त कणव आली. विमानातली खुर्ची विमान उडेपर्यंतच विकता येते. सुटलं की रिकाम्या खुर्चीचा एक रुपयाही होत नाही. म्हणून कंपन्या एकाच विमानातल्या सारख्याच खुर्च्यांचे वेगवेगळ्या भावांचे गट पाडतात. स्वस्तातला गट संपला की वरचा उघडतो आणि विक्री अंदाजापेक्षा मंदावली की खालचा पुन्हा खुला होतो. घाईनं जाणाऱ्याकडून जास्त घ्यायचं, सवडीनं जाणाऱ्याला कमीत द्यायचं. अमेरिकेत १९७८ साली विमानभाड्यावरचं सरकारी नियंत्रण उठलं, त्यानंतर अमेरिकन एअरलाइन्सनं संगणकाच्या जोरावर हे तंत्र घडवलं आणि जानेवारी १९८५ मध्ये स्वस्त भाड्याच्या नव्या कंपन्यांविरुद्ध ते पुरतं वापरलं. आपल्याकडे १९५३ चा हवाई महामंडळ कायदा १९९४ साली रद्द झाला आणि खासगी कंपन्यांना आकाश मोकळं झालं. २००३ साली कॅप्टन गोपीनाथ यांच्या एअर डेक्कननं स्वस्त तिकिटं आणली, अगदी एक रुपयाचीही. तेव्हापासून प्रत्येक प्रवाशाच्या मनात एक तिकीट कायमचं बसलं आहे, जे आपल्याला मिळालं नाही पण कोणाला तरी मिळालं असणार.

भाच्यानं ज्या रात्री तिकीट काढलं त्या रात्री ६,१०० चं तिकीट नव्हतंच. ते नंतर उघडलं. त्यानं थांबायला हवं होतं असं आज म्हणता येतं, पण त्या रात्री थांबणं म्हणजे कांदा बराखीत ठेवण्यासारखंच होतं. भाव वाढेल म्हणून ठेवलेल्या कांद्याची घट होते, तो सडतो, त्याला मोड येतात. चार-पाच महिन्यांत वजनाचा तिसरा हिस्सा जाऊ शकतो. वाट बघण्याची किंमत शेतकरी हिशोबात धरतो. तिकीट काढणारा मात्र ती शून्य समजतो आणि मग स्वतःला मूर्ख ठरवतो. बाळंतपण तोंडावर आलेल्या लेकीला आई नक्की कोणत्या दिवशी पोचणार हे त्या रात्रीच सांगता आलं, लेक निर्धास्त झोपली. हेही त्या ९,७०० मध्येच आलं होतं.

मन असं का वागतं, याचा शोध डॅनियल काहनेमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी घेतला होता आणि त्यांचं एक उदाहरण विमानतळावरचंच आहे. १९८२ साली छापलेल्या त्या अभ्यासात दोन प्रवासी आहेत. दोघेही अर्धा तास उशिरा पोचतात, दोघांचीही विमानं चुकतात. एकाला कळतं की त्याचं विमान वेळेवर गेलं. दुसऱ्याला कळतं की त्याचं विमान उशिरानं, नुकतंच पाच मिनिटांपूर्वी सुटलं. कोणाच्या जिवाला जास्त लागेल, असं विचारल्यावर ९६ टक्के लोकांनी दुसऱ्याचं नाव घेतलं. नुकसान दोघांचं सारखंच. पण दुसऱ्याच्या मनाला पाच मिनिटं वाचवण्याचे हजार मार्ग दिसत राहतात. बंदीच्या आदल्या बाजाराला टेम्पो मिळाला नाही म्हणून थांबलेला शेतकरी हे कोणाच्या पुस्तकावाचून जाणतो.

यात माणसाच्या मनाचा दोष असेल तेवढाच त्या झाकल्या भावाचाही आहे, आणि हे स्पष्ट बोललं पाहिजे. कोविडच्या काळात, मे २०२० पासून ऑगस्ट २०२२ अखेरपर्यंत, सरकारनं विमानभाड्यावर खालची-वरची मर्यादा घातली होती. डिसेंबर २०२५ मध्ये उड्डाणं धडाधड रद्द होऊन भाडी भडकली, तेव्हाही ५०० किलोमीटरपर्यंतच्या प्रवासाला ७,५०० रुपयांची वरची मर्यादा घालावी लागली. म्हणजे भाव अंगावर येतो तेव्हा त्याला वेसण घालता येते. एरवी निदान तो उघडा तरी असावा, एका विमानात किती खुर्च्या कोणत्या भावानं गेल्या हे प्रवाशाला दिसावं, असं मला मनापासून वाटतं. आमच्याच तालुक्यात, नाणेघाटाच्या माथ्यावर, दगडी रांजण आहे. कोकणातून घाट चढून येणारे व्यापारी त्यात जकातीची नाणी टाकत, असं पिढ्यानपिढ्या सांगतात. तसं असेल तर मागच्या बैलवाल्याला पुढच्यानं काय दिलं ते दिसत असणार. नाणं जड वाटलं असेल, पण आपल्यालाच फसवलं असं वाटलं नसेल.

मी भाच्याला एवढंच सुचवलं की हा आकडा घरात काढू नको, बाहेर काढ. संध्याकाळी एसटी स्टँडजवळ त्याचे मित्र जमतात. कोणी चाकणला कंपनीत आहे, कोणाचा भाऊ मस्कतला. तिथं त्यानं सांगितलं. एकानं ११,००० दिले होते, ते आजवर घरी कोणाला माहीत नव्हतं. दुसरा म्हणाला, तारीख बदलायला त्याला तिकिटाएवढेच पैसे पडले. एकाला साडेतीन हजारांत मिळालं होतं, त्यानं तेही सांगितलं आणि त्याला सगळ्यांनी चहा द्यायला लावला. तिथून आल्यावर भाच्यानं फोन कमी बघितला. पूर्ण सोडला असं नाही.

आक्काच्या पिशवीत लाडवांचा मोठा डबा परत भरला तो दाजींनी. वजनकाट्यावर पिशवी ठेवून दाखवली. विमानात ज्या सामानाला वेगळे पैसे पडत नाहीत त्या १५ किलोंच्या आतच होती. दुसरी गोधडीही मावली.

तेव्हा तुम्हीही कोणासाठी तिकीट काढलं असेल तर दोन गोष्टी करा. देशातल्या प्रवासाला सात दिवस किंवा त्याहून जास्त अवधी असेल, तर तिकीट काढल्यापासून ठरावीक मुदतीत ते दंड न भरता रद्द करता येतं, असा नियम २०१६ पासून आहे. काय बघायचं ते त्या मुदतीत बघून घ्या. त्यानंतर तिकीट रद्द करायची वेळ आलीच, तर विमानतळाची शुल्कं आणि कर कंपनीला परत द्यावे लागतात, ते मागायला विसरू नका. मग भाव बघणं बंद करा, आणि कितीला पडलं ते मित्रांना, शेजाऱ्यांना खुशाल मोठ्यानं सांगा. फक्त जो माणूस त्या तिकिटावर बसून येणार आहे किंवा जाणार आहे, त्याच्या कानावर तो आकडा घालू नका.