क्लाइव्हच्या गावातली ब्रुअरी

"विजयदुर्ग घेणाऱ्या क्लाइव्हनं विकत घेतलेलं एक गाव इकडे आहे, आणि त्या गावात १६४२ च्या परवान्याची ब्रुअरी," असं बर्मिंगहॅमचा माझा मावसभाऊ जेवताना सहज म्हणाला. आंग्र्यांच्या आरमाराचं वेड मला शाळेपासून. लडलोचा किल्ला, आयर्नब्रिजचा पूल ही त्यानं आखून दिलेली ठिकाणं तिथल्या तिथे रद्द झाली.

श्रूझबरीच्या चौकातला क्लाइव्हचा पुतळा बसच्या वाटेवर लागला. तिथं थांबावंसं वाटलं नाही. त्या गावाला, बिशप्स कॅसलला, आता रेल्वे नाही. १८६५ मध्ये सुरू झालेली इथली छोटी रेल्वे कंपनी दोनच वर्षांत कर्जापायी बुडाली, रिसीव्हरच्या ताब्यात गेली आणि त्याच अवस्थेत १९३५ पर्यंत गाड्या चालवत राहिली! या चिकाटीनं मी भारावलो. मुक्कामाच्या खोलीनं मात्र पार निराश केलं. भिंतींना ओल, रात्री नऊला हीटर बंद, आणि सकाळी साडेआठच्या आत चहा मिळणार नाही अशी दारावर पाटी. एवढे पैसे घेऊन पाहुण्याला असं कुडकुडत ठेवणं मला मुळीच पटलं नाही.

गाव म्हणजे एक खडा चढ. खाली चर्च, वर टाउन हॉल, मध्ये दुकानं. खांबांवर तोललेलं प्रसिद्ध जुनं घर ओलांडून मी थेट थ्री टन्स हा पब गाठला. पबशेजारी विटांचा उंच मनोरा दिसतो, तीच ब्रुअरी. मनोरा १८८८ चा, जॉन रॉबर्ट्स यांनी बांधलेला. त्याची उंची कामासाठी आहे. मोड आणून सुकवलेली बार्ली एकदा वर चढवली की पुढचं काम उतारच करतो. वरच्या मजल्यावर ती भरडायची, खाली गरम पाण्यात भिजवायची, गोड रस आणखी खाली हॉप्सची कडू फुलं घालून उकळायचा, निववून यीस्ट घालून आंबवायचा आणि तळाशी पिंपात भरायचा. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला, मोठ्या कंपन्यांची वायू भरलेली बिअर देशभर पसरली तेव्हा, स्वतःची बिअर स्वतः करणारे जुने पब ब्रिटनभर जेमतेम चार उरले होते. हा त्यांतला एक. तो टिकला याचा मला मनापासून आनंद झाला.

आधी ट्रिपल एक्स घेतली, ४.३ टक्क्यांची. हातपंपानं थेट तळघरातल्या पिंपातून येते, बर्फगार नसते, फेसही बेताचा. पहिल्या घोटाला बार्लीचा बिस्किटासारखा गोडवा, मग जिभेच्या मागच्या बाजूला हळूहळू चढणारा कडवटपणा. दुसरी क्लेरिक्स क्युअर, अधिक कडक आणि मसालेदार. ती ओठाला लावली तोच शेजारच्या टेबलावरचे आजोबा म्हणाले, "अशी कडू बिअर तुमच्या हिंदुस्थानसाठीच शोधून काढली, लंडनच्या हॉजसननं."

ही कथा सगळीकडे ऐकू येते. बिअरचे इतिहासकार मार्टिन कॉर्नेल यांनी ती खोडून काढली आहे: हॉजसननं काही शोधल्याचा पुरावा नाही, त्याच्या आधीपासून पेल एल हिंदुस्थानात जात होती आणि तिथं पोर्टर ही गडद बिअरही भरपूर खपत होती. मी हे सांगताच आजोबा वाद घालायला सरसावले. मग इतके हॉप्स कशासाठी? हॉप्सनं बिअर टिकते हे खरंच, पण ते ब्रुअरना फार आधीपासून ठाऊक होतं. हॉजसनचं यश वेगळ्याच गोष्टीत होतं. त्याची ब्रुअरी ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांच्या गोदीजवळ होती आणि कप्तानांना तो लांब मुदतीची उधारी देई. मला तर वाटतं, हिंदुस्थानच्या व्यापारात चवीपेक्षा उधारीनंच जास्त काम केलं.

आणि लुटीनं. फेब्रुवारी १७५६ मध्ये अ‍ॅडमिरल वॉटसनच्या आरमाराबरोबर क्लाइव्ह विजयदुर्गावर आला. बंदरात एकमेकांना बांधून ठेवलेली तुळाजी आंग्र्यांची गलबतं एका पेटलेल्या जहाजापासून आग लागून भस्मसात झाली. किल्ल्यात सुमारे दहा लाख रुपयांचा ऐवज सापडला. मोहीम पेशव्यांशी हातमिळवणी करून झाली होती, तरी इंग्रजांनी तो आपसांतच वाटून घेतला. पुढच्या वर्षी प्लासी झाली. बंगालच्या पैशानं क्लाइव्हनं या गावाशेजारची वॉलकॉटची जहागीर घेतली आणि तिच्याबरोबर गावच्या पार्लमेंटातल्या दोन जागाही मुठीत आल्या. चुलतभाऊ जॉर्ज आणि धाकटा भाऊ विल्यम इथूनच निवडून गेले. मतदार मूठभर, मतं विकाऊ. १८३२ च्या सुधारणा कायद्यानं हा मतदारसंघच रद्द केला. नानासाहेब पेशव्यांनी स्वतःचं आरमार दुसऱ्याच्या हातून जाळून घेतलं, याचं दुःख मला या परक्या पबात जितकं झोंबलं तितकं घरी पुस्तक वाचताना कधी झोंबलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी वॉलकॉटला जायचं ठरवलं होतं, पण पाऊस थांबेना आणि मला पुन्हा थ्री टन्समध्येच बसावंसं वाटलं. आजोबा होतेच. क्लाइव्ह आणि प्लासी त्यांना ठाऊक. विजयदुर्ग हे नाव त्यांनी पहिल्यांदाच ऐकलं. गुराब कसं असतं, गलबत कसं, किल्ला समुद्रात किती शिरलेला आहे, सगळं त्यांनी खोदून खोदून विचारलं. ग्लासखालच्या पुठ्ठ्यांवर मी वाघोटनची खाडी काढली, इंग्रजी जहाजांची रांग काढली, जमिनीकडून आलेली पेशव्यांची फौज दाखवली. शेवटच्या ऑर्डरची घंटा झाली तेव्हा आम्ही तुळाजींच्या कैदेपर्यंत आलो होतो, आणि ते जन्मभर कुणाच्या कैदेत राहिले हे त्यांना सांगायचं अजून बाकी होतं.