चांदबीबी महालात चांदबीबी नाही

नगरकर मंडळी, पाहुणे आले की आपण त्यांना पाथर्डी रस्त्याने शहाडोंगरावर नेतो आणि सांगतो, "हा चांदबीबी महाल." मीही नेतो. वर गार वारा, खाली सगळं नगर. अठरा नाही, आठ कोनांची तीन मजली काळ्या दगडाची इमारत. पाहुणा विचारतो, "राणी इथं राहायची का हो?"

नव्हती राहत. ती कबर आहे, सलाबतखानाची. हा मुर्तझा निजामशहाचा वजीर. १५९५-९६ साली चांदबीबीनं मुघलांविरुद्ध किल्ला लढवला, त्याच्या आधीच हा माणूस गेलेला. भातोडीचा तलाव यानंच बांधला. त्याच भातोडीला १६२४ साली मलिक अंबरनं तलावाचं पाणी सोडून मुघल फौजेची दैना केली, शरीफजीराजे तिथंच पडले. म्हणजे ज्याचं पाणी आपल्या इतिहासात इतकं वाहिलं, त्याचं नाव त्याच्याच कबरीवरून पुसलं गेलं. इंग्रजांनी तर तिथं गोऱ्या सोल्जरांना हवापालटासाठी ठेवलं. कबरीत दवाखाना!

हे सगळं लिहायचं कारण वेगळं आहे. हल्ली कुठल्याही जुन्या वास्तूपुढं एकच प्रश्न येतो : मूळचं कुणाचं? आणि मूळचं ठरलं की नंतरचं सगळं खरवडायला निघायचं. व्हॉट्सॲपवर तर रोज एक नवा मालक सापडतो.

सिरियाच्या उत्तरेला, तुर्कस्तानच्या हद्दीजवळ सिर्‍हस नावाचं रोमन शहर होतं. शहर केव्हाच मातीत गेलं. पण वेशीबाहेरचं एक रोमन थडगं उभं आहे, सहा कोनांचं, वर दगडी पिरॅमिडसारखं टोक. का उभं आहे? पुढं शेकडो वर्षांनी मुसलमानांनी खालच्या मजल्यात आपल्या एका संताची कबर केली. जागेला नबी हुरी म्हणू लागले, लोक नवस बोलायला येऊ लागले. जिथं दिवा लावायचा तिथला दगड कोण काढून नेईल? बाकीच्या रोमन शहराचे दगड मात्र ढिगाऱ्यात पडलेत. मूळचं रोमन म्हणून दर्गा खरवडला तर थडगंही जाईल, आणि दर्गाच खरा म्हणून रोमन नाकारलं तर अर्धी गोष्ट जाईल.

एवढ्या लांब कशाला, जुन्नरजवळ लेण्याद्रीला जा. गिरिजात्मजाचं दर्शन आपण ज्या खोदीव दालनात घेतो ते बौद्ध भिक्खूंचं लेणं. गणपती बसला, लेणं जपलं गेलं, पायऱ्या झाल्या, दिवाबत्ती झाली.

आमच्या सलाबतखानाचं दुर्दैव असं, की त्याचा कुणी संत केला नाही. उरूस नाही, ट्रस्ट नाही, मतं तर नाहीतच. म्हणून भिंतींवर "अमुक लव्ह तमुक" कोरलेलं, पायथ्याला बाटल्या. वास्तू पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे, तो निळा फलक आहेच. पण फलकाला वाली म्हणत नाहीत. (दर्गे-देवळांना वाली मिळाले की ऑईलपेंट आणि टाईल्स फासतात, तेही बघवत नाही, पण तो वेगळा विषय.)

काही मित्रांचं म्हणणं, "चांदबीबी महाल" हे नाव चुकीचं, बंदच करा. मला नाही पटत. त्या चुकीच्या नावानंच पिढ्यान्‌पिढ्या लोक हा डोंगर चढले. जिल्ह्याचं नाव बदललं तरी जीभ अजून नगरच म्हणते. नाव असू द्या. पण पायथ्याला मराठीत एक नीट फलक हवा : कबर कुणाची, तलाव कुणी बांधला, महाल का म्हणतात, गोरे सोल्जर केव्हा राहिले, सगळं. ग्रामपंचायत, पुरातत्त्व खातं, आपले लोकप्रतिनिधी, कुणीही पुढाकार घ्या. मजकूर लिहून द्यायला मी तयार आहे, मानधन नको.

आणि रविवारी वर जाल तेव्हा तळघरातल्या कबरींकडे जाताना चपला बाहेर काढा, एवढं करा.