चढलेला सूर

मराठीच्या दोन अध्यापकांनी मोटारीच्या इंजिनावर लिहावे याचे कोणास आश्चर्य वाटले तर ते रास्तच आहे. आम्ही दोघे नवरा-बायको. दोघेही चाळिशी ओलांडलेले, दोघेही मराठीचे एम. ए. आणि कोल्हापुरातल्या एकाच महाविद्यालयात शिकवणारे. घरात शब्दकोश चार आहेत, पाना एकही नाही. तथापि मागच्या पावसाळ्यानंतर आमच्या गाडीच्या निमित्ताने जे कळले त्याचा संबंध शेवटी आमच्या वर्गाशी येऊन भिडला, म्हणून हा लेखनप्रपंच.

गाडी लहान, पेट्रोलवर चालणारी, 2014 साली घेतलेली. दुपारी महाविद्यालयातून परतताना ताराराणी चौकात सिग्नलला थांबलो की ॲक्सिलरेटरवरून पाय काढला तरी इंजिन शांत होत नसे. काटा दीड हजार फेऱ्यांवरून दोन हजारांकडे चढे, अचानक खाली येई, पुन्हा चढे. शेजारचे दुचाकीस्वार आमच्याकडे वळून पाहत. हे गृहस्थ सिग्नल सुटण्याआधीच पळणार, असे त्यांना वाटत असावे. सकाळी मात्र काहीच तक्रार नसे. हा सकाळ-दुपारचा फरकच खरा धागा होता, हे आम्हाला फार उशिरा उमगले. थंड इंजिन सुरू केले की ते काही काळ बाराशे-पंधराशे फेऱ्यांवर चालावे, अशीच त्याची योजना असते. पाणी तापले की ते साडेसातशे ते नऊशेच्या दरम्यान यायला हवे. म्हणजे जो आकडा सकाळी निरोगीपणाचा, तोच दुपारी दुखण्याचा. सकाळी दोष नव्हता असे नाही. त्याला लपायला जागा होती.

या चालीला इंग्रजीत 'आयडल' म्हणतात. शब्दाचा सरळ अर्थ रिकामटेकडा, आळशी. आमच्याकडचे मिस्त्री 'स्लो' म्हणतात, आणि तो शब्द आम्हाला अधिक प्रामाणिक वाटतो. कारण उभ्या गाडीचे इंजिन रिकामे मुळीच नसते. ते स्वतःला जिवंत ठेवत असते, तेल आणि पाणी फिरवत असते, बॅटरी भरत असते. हे सगळे करायला त्याला अगदी थोडी हवा लागते. थ्रॉटलची झडप जवळजवळ मिटलेली असते आणि बाजूच्या एका बारीक वाटेने, झडपेला वळसा घालून, संगणक हवी तेवढीच हवा आत सोडतो. मिटलेल्या दारामागे इंजिन सतत हवा ओढत राहिल्यामुळे आतला दाब बाहेरच्या हवेच्या जेमतेम एक-तृतीयांश उरतो. अशा पोकळीला कुठेही चीर पडली की बाहेरची हवा आपणहून आत घुसते. संगणक आपली वाट बंद करत जातो. पण चीर त्या वाटेहून मोठी असेल तर त्याचा इलाज संपतो. आत हवा वाढली म्हणून तो त्या मानाने पेट्रोल देतो आणि इंजिन चढते.

मग काटा खाली का येतो? थ्रॉटल मिटलेले आणि फेऱ्या मात्र भरपूर, याचा अर्थ संगणक असा लावतो की गाडी उतारावर आहे आणि चालकाने पाय काढला आहे. तो पेट्रोल तोडतो. फेऱ्या कोसळतात, पेट्रोल पुन्हा सुरू होते, इंजिन पुन्हा चढते. सिग्नलला उभ्या असलेल्या गाडीला तो दर काही क्षणांनी घाटात उतरवत असतो.

हा हेलकावा जुनाच आहे. कोल्हापूरच्या शेतात वाढलेल्या कुणालाही गुऱ्हाळावरच्या किंवा विहिरीवरच्या ऑइल इंजिनचा वरखाली होणारा आवाज आठवेल. त्या इंजिनांना गव्हर्नर असे. फिरणारी वजने फाकली की इंधन कमी, मिटली की जास्त. तो गव्हर्नर बिघडला की इंजिन एका चालीवर ठरत नसे. वाफेच्या इंजिनावर जेम्स वॉटने असाच गव्हर्नर 1788 मध्ये बसवला होता, आणि असे नियंत्रक केव्हा स्थिर राहतात व केव्हा हेलकावतात याचे गणित जेम्स क्लार्क मॅक्सवेलने 1868 च्या एका निबंधात मांडले. त्याचा मथितार्थ आमच्यासारख्यांना एवढाच कळला, की हेलकावणारे यंत्र आळशी नसते. ते चूक सुधारण्याच्याच धडपडीत असते.

हे ज्ञान अर्थातच नंतरचे. त्या वेळी आम्ही घराजवळच्या एका गॅरेजमध्ये गेलो. तिथल्या तरुणाने बॉनेट उघडले, थ्रॉटलला टेकणारा एक स्क्रू शोधला, त्यावरचा कारखान्यातला रंग खरवडला आणि स्क्रू फिरवून झडप आणखी मिटवली. काटा नऊशेवर आला. पाच मिनिटांचे काम. आम्ही धन्यवाद देऊन, पैसे देऊन बाहेर पडलो. कार्ब्युरेटरच्या काळात स्लो बसवायला स्क्रूच फिरवावा लागे, तो रोजचा रिवाज होता. परंतु पेट्रोल आणि हवा संगणकाच्या हिशेबाने घेणाऱ्या गाड्यांत हा स्क्रू हिशेबाचा पाया असतो. त्याला सहसा हात लावायचा नसतो. आम्हाला हे ठाऊक नव्हते. आवाज थांबला होता, एवढे पुरे होते.

दिवाळीच्या सुट्टीत पन्हाळ्याला गेलो. मागच्या सीटवर आई होत्या. आमच्यापैकी एकाच्या आई, दुसऱ्याच्या सासूबाई. येताना वाघबीळच्या अलीकडच्या वळणावर समोर उसाची ट्रॉली आली आणि ब्रेकवर पाय ठेवला, तो जणू दगडावर ठेवला. पायदळ खाली जाईना. सगळा भार देऊन, दुसऱ्या गिअरमध्ये टाकून गाडी कशीबशी ट्रॉलीच्या मागे हातभर अंतरावर थांबली. आईंनी विचारले, "का रे थांबलास?" त्यांना आम्ही खरे सांगितले नाही.

दुसऱ्या दिवशी अगदी सावकाश गाडी चालवत उद्यमनगरात गेलो. ज्या वस्तीत ओतकाम, लेथ आणि ऑइल इंजिन यांच्यावर पिढ्या पोसल्या, तिथे एका सहकाऱ्याच्या ओळखीचे एक वयस्क मिस्त्री होते. त्यांनी बॉनेट उघडण्याआधी आम्हालाच प्रश्न विचारले. कवापासनं? गार असताना का तापल्यावर? एसी लावल्यावर काय होतंय? आधी कुणी हात लावलाय? शेवटच्या प्रश्नाला आम्ही जरा अडखळलो. विद्यार्थ्याने गाईड वापरल्याचे कबूल करावे तसे स्क्रूचे सांगितले. ते हसले नाहीत. म्हणाले, "सर, आवाज बारीक केला म्हंजे रोग गेला असं न्हाई."

मग क्रमाने तपास सुरू झाला. आधी ॲक्सिलरेटरची केबल ताणलेली नाही ना, हे पाहिले. तापमानाचा सेन्सर खोटे बोलत असेल तर संगणकाला इंजिन थंडच वाटत राहते. म्हणून स्कॅनर जोडून पाण्याचे तापमान वाचले, ते ठीक होते. थ्रॉटलमधला कार्बन पाहिला, क्रँककेसमधला धूर परत इंजिनात नेणारा व्हॉल्व्ह हलवून पाहिला. मग इंजिन बंद करून आमच्यापैकी एकीला आत बसवले. "म्याडम, ब्रेक चार-पाच डाव दाबा. घट झाला? आता दाबून धरा आन् चावी मारा." इंजिन सुरू होताच पाय किंचित खाली जायला हवा, ब्रेकला जोर देणारा बूस्टर इंजिनातल्या त्याच पोकळीवर चालतो. आमचा पाय जागचा हलला नाही.

मिस्त्रींनी बूस्टरकडे जाणारा जाड रबरी पाईप इंजिनाच्या बाजूला दोन बोटांनी दाबून बंद केला. त्याच क्षणी इंजिन बंद पडले.

आम्ही घाबरलो. ते मात्र प्रथमच समाधानाने हसले. पाईप काढून त्यांनी वाकवून दाखवला. उष्णतेने रबर वाळले होते आणि क्लॅम्पच्या कडेला, वळणाच्या आतल्या बाजूला, नखाएवढी चीर होती. साध्या नजरेला न दिसणारी. वाकवली की ओठांसारखी उघडणारी. आधी याच चिरेतून जादा हवा शिरून इंजिन चढत होते. मग स्क्रूने हक्काची वाट आवळली गेली, तेव्हा इंजिनाने चिरेतल्या हवेवरच संसार मांडला. चीर दाबली आणि त्याचा श्वास तुटला. "हे आता भोकावर जगालतं," मिस्त्री म्हणाले. चीर वाढत गेली तसा ब्रेकचा जोर कमी होत गेला. चढलेला आवाज आम्हाला महिनाभर तेच सांगत होता आणि आम्ही पैसे देऊन त्याला गप्प केले होते.

त्या संध्याकाळी घरी बराच वेळ आम्ही एकमेकांशी बोललो नाही. पुढे कळले की दोघांच्याही मनात एकच विद्यार्थी होता.

राधानगरीकडच्या एका वाडीतून आलेला मुलगा. पहिल्या वर्षी आमच्यापैकी एकाच्या तासाला तो उभा राहून म्हणाला होता, "मी काल गावाकडं गेल्तो." आम्ही त्याला "गेलो होतो" असे सुधारले. वर्ग हसला, खरे सांगायचे तर हसू आमच्याही चेहऱ्यावर होते. त्यानंतर त्याचे निबंध एकाएकी चढ्या सुरात येऊ लागले. 'नितांत', 'हृद्य', 'अनन्यसाधारण', एका पानात पाच वेळा 'किंबहुना'. तेव्हा आमच्यापैकी दुसऱ्याने लाल शाईने लिहिले, "अलंकारिकता कमी करावी." त्याने केली. उत्तरे आखूड, बिनचूक आणि बेचव झाली. तोंडी परीक्षेत तो दोन वाक्यांवर थांबू लागला. मुलगा सुधारला असे आम्ही परस्परांना सांगितले आणि गुणही बरे दिले. त्याचा चढलेला सूर ही भरपाई होती, हे दोघांपैकी एकाच्याही लक्षात आले नाही. चीर पाडणारा हात आमचाच आणि स्क्रू आवळणारा हातही आमचाच.

गाडीचे काम तसे स्वस्तात झाले. नवा पाईप, नवे क्लॅम्प. पण मिस्त्रींनी आणखी एक गोष्ट केली. त्यांनी तो स्क्रू परत मूळ जागी आणला आणि बॅटरीची एक तार काही वेळ काढून ठेवली. चिरेच्या काळात संगणकाने ज्या सवयी लावून घेतल्या होत्या त्या पुसायला हव्या होत्या. गाडी सुरू केली, तर दुरुस्त झालेले इंजिन आधीपेक्षाही वाईट चालू लागले. सहाशेवर थरथरले, बंद पडते की काय असे वाटले. आमचा पाय आपसूक ॲक्सिलरेटरकडे गेला. "रेस देऊ नका," मिस्त्री म्हणाले. "एसी लावू नका. नुसतं चालू द्या. त्येचं त्येला शिकू द्या." दहा-बारा मिनिटांत काटा साडेआठशेवर येऊन ठरला. पुरते स्थिरावायला पुढे दोन-तीन दिवस लागले.

पुढच्या आठवड्यात आम्ही त्या मुलाला बोलावले. पहिल्या वर्षीच्या त्या हसण्याबद्दल दिलगिरी व्यक्त केली. तो म्हणाला, "ते मी कधीच विसरलो, सर." ते खरे नव्हते हे तिघांनाही कळले. आम्ही त्याला गावच्या गुऱ्हाळावर एक पान लिहून आणायला सांगितले. त्याने दारात थांबून विचारले, "कुठल्या भाषेत लिहू?"

घरी बोलतोस त्या, असे आम्ही म्हणालो.

त्याने दीड पान आणले. भाषा अजून प्रमाणच होती, नीटनेटकी, जपून चालणारी. 'किंबहुना' दोनदा परतले होते. फक्त एका ओळीत, वडिलांबरोबर पहाटे गुळाची काहील पाहायला निघाल्याच्या वर्णनात, त्याने 'गेल्तो' लिहून खोडले होते आणि वर 'गेलो होतो' केले होते. खोडलेला शब्द स्पष्ट वाचता येत होता. आम्ही लाल पेन उचलले नाही. पान त्याला परत दिले आणि पुढच्या आठवड्यासाठी आणखी एक मागितले.