खोगिराखालचे माथेरान

माथेरानला जाऊन घोड्यावर न बसणे म्हणजे पंढरपूरला जाऊन चंद्रभागेत पाय न बुडवणे, असे आमच्या सौभाग्यवतींचे मत आहे. त्या स्वतः मात्र घोड्यावर बसत नाहीत, दुसऱ्याला बसवतात. या खेपेला तो मान आमच्या नऊ वर्षांच्या नातीला मिळाला.

नेरळला उतरलो. 1907 साली सुरू झालेल्या त्या चिमुकल्या आगगाडीचे तिकीट काही मिळाले नाही, तेव्हा मोटारीने दस्तुरी नाका गाठला. तेथे मोटारीची सद्दी संपते. ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट 1850 साली हा डोंगर चढून आले, तेव्हापासून माथेरानने चाकापेक्षा खुरावरच अधिक भिस्त ठेवली आहे. 2022 च्या डिसेंबरात थोड्या ई-रिक्षा आल्या खऱ्या, पण तांबड्या मातीच्या रस्त्यावर खरा रुबाब अजून घोड्याचाच.

नाक्यावरच्या घोळक्यातून नातीने एक तांबूस घोडा पसंत केला. त्याच्या पाठीवर, मानेच्या मुळाशी, रुपयाएवढे दोन पांढरे ठिपके होते. “आजोबा, याला देवाने टिकल्या लावल्यात!” ती म्हणाली. घोडेवाले मामा वयस्कर, अबोल. ते नुसते हसले. त्यांनी तिला बाजारापर्यंत सुखरूप आणले आणि दुसऱ्या दिवशी चार वाजता पॉर्क्युपाइन पॉइंटवर सूर्यास्ताला न्यायचे ठरले.

दुसऱ्या दिवशी चारच्या ठोक्याला मामा हजर झाले. पण घोड्यावर खोगीरच नव्हते.

“साहेब, आज हा जायचा नाही. पाठ हुळहुळी झालीय.”

माझा पारा चढला. घोडा तर टुकटुकीत दिसत होता! ठरलेला सौदा, रडवेली नात, मावळतीकडे निघालेला सूर्य. मी दोन शब्द जास्तच बोललो. मामांनी वाद घातला नाही. त्यांनी माझा हात धरला आणि घोड्याच्या पाठीवर ठेवला. तळव्याखालची कातडी थरथरली. घोड्याने कान मागे पाडले. तेवढी जागा शेजारच्या अंगापेक्षा चांगलीच गरम लागत होती.

“आज बसवलं तर उद्या फोड, परवा जखम. त्या टिकल्या बघितल्या ना पोरीनं? त्या देवानं नाही लावल्या. पहिल्या मालकाच्या खोगिरानं लावल्या. जखम भरते, पण केस पांढरा येतो.”

मी ओशाळलो. आपण मराठी माणसे रटाळ मजकुराला, निरुपयोगी माणसांना ‘खोगीरभरती’ म्हणून हिणवतो. दिवाळी अंकांनाही हा आहेर अधूनमधून मिळतो! पण मामांनी ते खोगीर उलटे करून दाखवले आणि त्या शब्दाची मला लाज वाटली. घोड्याचे सारे सुख त्या भरतीतच असते. ती मणक्याच्या दोन्ही अंगांना सारखी हवी, मधे पन्हळीसारखी मोकळी वाट हवी. भरती दबून गोळा झाली की माणसाचे वजन थेट मणक्यावर येते. एका बाजूची भरती आवळली गेली होती. मामा रात्री ती उसवून पुन्हा भरणार होते.

त्या संध्याकाळी आम्ही पायीच सूर्यास्त पाहिला. परतताना मनात एकच हिशेब चालला होता. मामांचे भाडे बुडाले होते. घोडा बसून राहिला म्हणून त्याचे पोट काही बसून राहत नाही. चंदी रोज लागतेच.

सकाळी आम्ही त्यांच्या तबेल्यावर गेलो. खरारा चालला होता. मामा म्हणाले, खरारा नुसता झळाळीसाठी नसतो. खोगिराखाली चिखलाचा एक खडा राहिला तरी तो कातडी सोलतो. मग त्यांनी एकेक खूर उचलून आतले खडे काढले. खूर आपल्या नखासारखा वाढतो, म्हणून दीड-दोन महिन्यांनी नाल काढून, खूर तासून पुन्हा ठोकावी लागते. मातीत नाल रुतते. गुळगुळीत फरसबंदीवर मात्र ती घसरते, हे त्यांचे जुने गाऱ्हाणे. दाणा एकदम न देता थोडा थोडा द्यायचा, कारण घोड्याचे जठर लहान आणि त्याला उलटी होत नाही. अधाशासारखे खाल्ले तर पोटशूळ उठतो, प्रसंगी जीवही जातो. दमून आलेल्याला आधी हळूहळू फिरवून निववायचे, दाणा मागाहून.

वाचकहो, आपणापैकी फार थोड्यांच्या दारी घोडा असेल. पण सुटीत तासाभराचे घोडेमालक आपण सगळेच होतो. तेव्हा मामांचे चार शब्द गाठीशी बांधा. घोड्याच्या थेट मागून जाऊ नका, तेथले त्याला दिसत नाही. खांद्याच्या बाजूने, बोलत बोलत जवळ जा. तंगाखाली बोटे सरकतात ना, पाहा; थोडे चालल्यावर तंग ढिला पडतो, तो पुन्हा तपासायला सांगा. रिकिबीत पायाचा चवडाच ठेवा, टाच खाली. पाय आत घुसला आणि माणूस पडला, तर तो फरफटत जातो. चढावर किंचित पुढे झुका, उतारावर ताठ बसा. लगाम हिसकू नका, तो एका जिवाच्या तोंडात आहे. आणि लंगडणारा, पाठ चोरणारा घोडा असेल तर स्वस्तात मिळाला तरी नको म्हणा.

निघायच्या दिवशी नाक्यापर्यंत मामांनी त्यांच्या भाच्याचा काळा घोडा आणला. त्या दिवशीचे बुडालेले भाडे मी पुढे केले, ते त्यांनी घेतले नाही. “न केलेल्या फेरीचे कसले पैसे?” म्हणाले. शेवटी त्या पैशांची हरभऱ्याची चंदी तांबूस घोड्यासाठी घेऊन दिली, ती मात्र त्यांनी हसत घेतली.

नातीला वर चढवायला मी पुढे झालो, तर ती मागे सरली. म्हणाली, “थांबा हो आजोबा!” आणि आपला चिमुकला हात तिने खोगिराखाली घातला. क्षणभर चाचपून पाहिले. मग मामांकडे बघून मान डोलावली, आणि डावा पाय रिकिबीत ठेवला.