यंत्राचा कान

शुद्ध कोणतें आणि अशुद्ध कोणतें, हा वाद पंडितांनीं पुष्कळ काळ घातला. तो मिटण्यापूर्वींच एका नव्या न्यायाधीशानें निकाल देण्यास प्रारंभ केला आहे. हा न्यायाधीश म्हणजे आपल्या हातांतील फोन. त्याला आतां कान आले आहेत. बोललेलें ऐकून तो लिहितो, विचारल्याचें उत्तर देतो, सांगितलेलें काम लक्षांत ठेवतो. परंतु कोणाचें बोलणें त्याला चटकन कळावें आणि कोणाचें कळूं नये, हें आधींच ठरून गेलेलें असतें. आणि तें कोणीं ठरविलें, इकडे सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं.

आम्ही अकोल्याच्या जठारपेठेंत राहतों आणि पोटासाठीं संगणकाच्या आज्ञावल्या लिहितों. त्यामुळें हा प्रश्न आमच्या घरांत दोन्ही दारांनीं शिरला. मातोश्रींची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली, तेव्हां डोळ्यांत औषध घालण्याची आठवण फोननें द्यावी, असें आम्हीं सुचविलें. त्यांनीं फोन तोंडाजवळ धरून सांगितलें, "डोयात थेंब टाकाचे हायेत, मले आठवन देजो." फोननें भलतेंच कांहीं लिहिलें. पुन्हां सांगितलें, पुन्हां तेंच. तिसऱ्या खेपेस मातोश्री सावरून बसल्या, पदर नीट केला, आणि पाहणीस आलेल्या दिपोटीपुढें मुलानें धडा म्हणावा तशा स्वरांत म्हणाल्या, "डोळ्यांत औषध घालायचे आहे. आठवण करून दे." यंत्र तत्काळ प्रसन्न झालें. नात टाळ्या पिटून म्हणाली, "पाहिलंस ना आजी? डोया नाही म्हणायचं, डोळा म्हणायचं!"

आम्हांला अस्वस्थ केलें तें यंत्राच्या बहिरेपणानें नव्हे, त्या टाळ्यांनीं. वऱ्हाडींत ‘ळ’चा ‘य’ होतो तो जिभेच्या आळसानें नव्हे, नियमानें होतो. डोळ्याचा डोया, काळ्याचा काया. ‘मला’च्या जागीं ‘मले’. आणि पुढें करावयाच्या कामाची आज्ञा सांगणारें ‘देजो’, ‘जाजो’ हें गोड रूप तर प्रमाण मराठीला ठाऊकच नाहीं. सर ग्रियर्सन यांच्या भाषा-पाहणीचा मराठीवरील खंड १९०५ सालीं निघाला, त्यांत वऱ्हाडीचा स्वतंत्र विचार केलेला आहे. शेंडगांवीं १८७६ सालीं जन्मलेल्या गाडगेबाबांनीं याच बोलींत कीर्तनें केलीं आणि तीं ऐकावयास महाराष्ट्र लोटला. त्या श्रोत्यांपैकीं कोणी त्यांना शब्द बदलण्यास सांगितलें नाहीं.

मग यंत्रच असें कां करतें? तें व्याकरण वाचून भाषा शिकत नाहीं. माणसांचें ध्वनिमुद्रित बोलणें आणि त्याचें लिखित रूप यांचा प्रचंड साठा त्याला पुरवितात. त्यावरून कोणत्या ध्वनीला कोणतें अक्षर आणि कोणत्या शब्दामागून कोणता शब्द येण्याचा संभव अधिक, याचें गणित तें मांडतें. जें पुष्कळदां ऐकलें तें त्याला खरें वाटतें. जें क्वचित् ऐकलें त्याच्या जागीं तें जवळचें ओळखीचें कांहीं बसवितें. यांत त्याची दुष्टबुद्धि नाहीं. ताटांत वाढलें तेंच त्यानें खाल्लें, आणि वाढणाऱ्यांच्या हातीं वऱ्हाडीचा घास फारसा नव्हता.

नुसतें ‘वऱ्हाड’ हें नांवच घ्या. युनिकोड नांवाच्या जागतिक अक्षरसंकेतांत यांतील अर्धा ‘र’ दोन रीतींनीं लिहितां येतो: नुक्ता असलेल्या ‘ऱ’ला हलन्त जोडून, किंवा साध्या ‘र’ला हलन्त आणि त्यापुढें एक अदृश्य सांधणारें चिन्ह जोडून. पडद्यावर दोन्ही रूपें सारखींच दिसतात. यंत्राच्या पोटांत मात्र त्या अंकांच्या दोन निराळ्या ओळी असतात. साध्या शोधांत एका रूपानें विचारलें, तर दुसऱ्या रूपानें लिहिलेला मजकूर हातीं लागत नाहीं.

बोलपटांनींही या बोलीला बहुधा विनोदाच्या गाड्याला जुंपलें. नायक हळवें बोलणार तें प्रमाण मराठींत, आणि हशा हवा असला म्हणजे एखादें वऱ्हाडी पात्र आंत येणार. २००९ सालच्या सतीश मनवर यांच्या ‘गाभ्रीचा पाऊस’मध्यें मात्र आभाळाकडे डोळे लावून बसलेल्या कापूसवाल्या शेतकऱ्याच्या घरांतील धास्ती याच मातीच्या बोलींत ऐकूं आली. मातोश्रींनीं तो चित्रपट एकदांही न हंसतां पाहिला. आपलें बोलणें दुःखालाही पुरतें, हें पडद्यावर प्रथमच दिसल्यासारख्या त्या बसून होत्या.

३ ऑक्टोबर १९२४ नव्हे, २०२४ रोजीं, म्हणजे शतकभर अभिमान बाळगल्यावर, मराठीला अभिजात दर्जा मिळाला, तेव्हां वर्तमानपत्रें आनंदानें भरून गेलीं. तो आनंद आमचाही आहे. परंतु मराठी गद्याचा आद्य ग्रंथ म्हणून ज्याचा मान, तें म्हाइंभटांचें ‘लीळाचरित्र’ तेराव्या शतकांत अमरावती जिल्ह्यांतील रिद्धपूर येथें सिद्ध झालें असें मानतात, आणि म्हणूनच मराठी भाषा विद्यापीठही तेथेंच स्थापन झालें. ज्या भूमीनें मराठीला गद्य दिलें, तिच्या लेकीनें औषधाची आठवण मागतांना आपली वाणी पालटावी, हें कांहीं त्या अभिजाततेला शोभत नाहीं.

आमच्या धंद्यांत एक साधा दंडक आहे. वापरणाऱ्यानें दिलेली योग्य माहिती आज्ञावलीनें नाकारली, तर दोष आज्ञावलीचा. वापरणाऱ्याला सुधारावयास कोणी सांगत नाहीं. भाषेच्या बाबतींत तोच दंडक आम्ही उलटा कां फिरवितों? उपाय अज्ञात नाहींत. डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्था यांनीं मराठीच्या बोलींची पाहणी करून गांवोगांवचीं बोलणीं ध्वनिमुद्रित केलीं आहेत. सरकारनें २०२२ सालीं आरंभिलेल्या ‘भाषिणी’ या उपक्रमांत सामान्य माणसालाही आपला आवाज देतां येतो. असे आवाज पुरेसे जमले, म्हणजे ‘डोया’ आणि ‘डोळा’ एकच, हें यंत्र निमूटपणें शिकेल.

पण तें शिकेल तोंवर ‘डोया’ म्हणणारें मूल घरांत उरलें पाहिजे. तें काम यंत्राचें नव्हे, आणि विद्यापीठाचेंही नव्हे. म्हणून आमच्या घरीं आम्हीं एवढाच नियम केला आहे, कीं फोनशीं ज्याला जशी जमेल तशी मराठी त्यानें बोलावी. आजीशीं मात्र आजीचीच बोलावी.