सारनाथची कासवे

धम्मेक स्तूपाला वंदन करून आम्ही सारनाथच्याच कासव केंद्रात गेलो. चंबळकाठची अंडी इथे उबवून पिल्ले गंगेत सोडतात. त्यांतले मऊ पाठीचे कासव मेलेले मांस खाते. काशीच्या घाटांवरून पाण्यात पडलेली अर्धवट जळालेली प्रेते त्याने साफ करावीत, म्हणून १९८९ साली रामनगर किल्ल्यापासून मालवीय पुलापर्यंतचे ७ किलोमीटर पात्र कासवांसाठी राखले गेले. २०२० साली ते अभयारण्य रद्द झाले. नवे प्रयागराज-मिर्झापूरकडे केले. मांसासाठी चोरून मारले जाणारे हे कासव २०२१ पासून जागतिक लाल यादीत ‘संकटग्रस्त’ आहे. घाण काढणाऱ्यालाच आधी जागेवरून उठवतात, हे आम्हांला नवे नाही. तरीही मुलांना ती पिल्ले जरूर दाखवा.