लमाणी वाटेवर एक दिवस

कनेरगावाला ‘नाका’ हे उपपद का चिकटले असावे, हे नकाशा उघडला की ध्यानात येते. हिंगोली आणि वाशीम या दोन जिल्ह्यांच्या सीमेवर हे गाव वसले आहे. एकेकाळी या सीमेच्या एका अंगाला निजामाचे राज्य होते, दुसऱ्या अंगाला इंग्रजांच्या कारभारातील वऱ्हाड. १९५६ साली दोन्ही मुलूख एकाच राज्यात आले. नाका मात्र नावात राहून गेला. आज तेथे चहाच्या टपऱ्या, पंक्चरवाले आणि अकोला-नांदेड मार्गावरील मालमोटारींची अखंड वर्दळ. आमचे स्नेही असलेल्या एका मिस्त्रींचे गॅरेजही तेथेच आहे. त्यांनी भंगारात निघालेली एक जुनी महिंद्र जीप उभी केली होती आणि ‘फादर, एकदा डोंगराला लावून बघू’ असा त्यांनी धोशा लावला होता. दिवाळीच्या सुटीतला सोमवार ठरला. (रविवार आमच्या हाती कधीच नसतो.) शाळेतले गुरुजी भाकऱ्या, ठेचा आणि पाण्याचा कॅन घेऊन आले आणि आम्ही तिघे निघालो.

जीप हे वाहन मुळात महायुद्धासाठी घडविले गेले. १९४७ साली महिंद्रांनी मुंबईत तिची जुळणी सुरू केली, आणि पुढे आपल्याकडे ती तहसीलदारापासून मिशनऱ्यापर्यंत सर्वांची झाली. तिच्या गिअरच्या दांड्याशेजारी आणखी दोन आखूड दांड्या असतात. एक पुढच्या चाकांनाही इंजिनाचा जोर जोडते. दुसरी वेग उतरवून ताकद वाढवते. पायथ्याशी मिस्त्रींनी चाकांतील थोडी हवा सोडली. गुरुजी चकित झाले. पण मऊ पडलेले चाक दगडाला अधिक धरते, असे त्यांचे म्हणणे, आणि ते खरे ठरले. चढ सरळ घ्यायचा, उतारावर आडवे होऊ नये, आणि खाली येताना क्लच मुळीच दाबायचा नाही, गाडी इंजिनानेच रोखून धरायची: हे त्यांचे तीन नियम. काळ्या मातीत ही सारी विद्या फुकट जाते. चिखल चाकाच्या खाचांत भरला की चार चाकेही जागच्या जागी फिरतात. म्हणून पाऊस संपून मुरूम वाळेपर्यंत आम्ही थांबलो होतो.

वाट जुनी होती. रेल्वे आणि पक्क्या सडका येण्यापूर्वी धान्य नि मीठ लादलेले लमाणांचे बैलांचे तांडे असल्याच वाटांनी डोंगर ओलांडीत. आम्हांस मैलभर चढण्यास तास लागला. एका ओघळीत मागचे चाक अधांतरी राहिले, तेव्हा गुरुजी उडी मारून उतरले आणि पुढचा सर्व चढ त्यांनी पायीच केला. व्यायामासाठी, असे ते सांगतात.

माथ्यावर पस्तीसेक उंबऱ्यांचा तांडा. जीपचा आवाज ऐकून पोरे धावली. एका म्हाताऱ्याने विचारले, “सर्वेवाले का? रोड येणार का?” आम्ही सहज डोंगर चढून पाहण्यास आलो आहोत, हे त्यांना सांगताना आमचे शब्द अडखळले. गुरुजींनी नंतर हिशेब सांगितला. २००० साली सुरू झालेल्या पंतप्रधान ग्रामसडक योजनेत सपाट प्रदेशासाठी ५०० आणि डोंगरी वा आदिवासी प्रदेशासाठी २५० लोकवस्तीची अट आहे. पस्तीस उंबरे दोन्हींत बसणे कठीण.

एका घरात सून दिवसांत आली होती. तिची सासू जीपभोवती दोनदा फिरली, आसनावर हात दाबून पाहिला आणि मिस्त्रींना म्हणाली, “रातच्याला बोलावलं तर येईल का ही?” १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका २०१४ पासून आपल्या राज्यात धावते, ती पायथ्याच्या डांबरापर्यंत येते. तेथवर बाईला बाजल्यावर उतरवावे लागते. मिस्त्रींनी लगेच होकार दिला नाही. ते वाटेकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “माय, ह्या वाटेनं गाडी आणली तर लेकरू वाटंतच होईल. आधी वाट पाहू.”

पुढचा सुळका चढून पलीकडे उतरण्याचा बेत तेथेच मोडला. तांड्यातील सहा तरुण पहारी आणि घमेली घेऊन आमच्याबरोबर उतरले. ओघळीत दगड रचून वर मुरूम ओतला. जेथे गाडी एका अंगावर कलत होती, तेथला कातळ फोडवेना. मग त्याच्या कडेला चुन्याची खूण केली, म्हणजे अंधारात दिव्याच्या उजेडी ती दिसावी. गुरुजी पुढे चालत धोक्याच्या जागा वहीत टिपत होते. आमच्या वाट्याला घमेले आले. तळहातांना फोड आले आणि भाकऱ्या नऊ जणांत वाटल्या गेल्या. जी उतरण अर्ध्या तासाची व्हायची, तिला अंधार पडला.

पायथ्याला मिस्त्रींनी चाकांत पुन्हा हवा भरली आणि आपला फोन नंबर सहाही जणांकडून तोंडपाठ म्हणून घेतला. कारण तांड्यावर एकाच लिंबाखाली आवाज पोहोचतो आणि तेथे कोणाच्या हाती कोणाचा फोन असेल, याचा भरवसा नाही. नाक्यावर आल्यावर त्यांनी जीप नेहमीप्रमाणे गॅरेजच्या मागे नेली नाही. रस्त्याकडे तोंड करून उभी केली, मागच्या बाकावर घरची गादी टाकली आणि बॅटरीची तार काढण्याची त्यांची रोजची सवय त्या रात्री सोडून दिली.